गवाही कोण देणार?

एक वाक्य मी बोलायचं सोडून दिलंय. 'दहशतवादाला धर्म नसतो.'

कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेत मी ते म्हटलं होतं, टाळ्या पडल्या होत्या. नंतर कुठेही काही घडलं की तेच वाक्य स्टेटसला ठेवायची सवय लागली. तुम्हीही ठेवलं असेल. ऑफिसात, हॉस्टेलवर, भाड्याची खोली बघायला गेल्यावर कुणी विषय काढायच्या आधीच आपण ते खिशातून काढतो, पोलिसाने हात दाखवताच लायसन्स काढावं तसं.

जुलै २०२५ मध्ये मी ते बंद केलं. त्या महिन्याच्या शेवटच्या अकरा दिवसांत तीन निकाल आले. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल गाड्यांमधल्या स्फोटांच्या खटल्यातल्या १२ जणांना निर्दोष सोडलं. (तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत घातलं नाही.) ३१ जुलैला मालेगावच्या २००८ च्या स्फोटातले सातही आरोपी निर्दोष सुटले.

आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर २१ तारखेला 'इन्साफ मिळाला' आणि ३१ तारखेला 'इन्साफचा खून झाला'. शाळेतल्या जुन्या मित्रांचा दुसरा ग्रुप आहे, त्यात बहुतेक हिंदू मुलं. तिथेही हीच दोन वाक्यं, फक्त तारखा उलट्या. पहिल्या ग्रुपवर दोन्ही दिवशी मीही लिहिलं होतं. दुसऱ्यावर दोन्ही दिवशी गप्प होतो. लोकलमध्ये मेलेल्या १८० हून जास्त माणसांना कुणी मारलं आणि मालेगावच्या भिकू चौकात मेलेल्या सहा जणांना कुणी मारलं, हा प्रश्न दोन्हीपैकी एकाही ग्रुपवर कुणी विचारला नाही. प्रश्न एवढाच होता की सुटलेले 'आपले' की 'त्यांचे'.

आणि या दोन तारखांच्या मध्ये, ३० जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशीच्या कोठडीतल्या मृत्यूबद्दल गुन्हा नोंदवण्याचा आदेश कायम ठेवला. त्यावर कुठल्याच ग्रुपवर एक ओळ आली नाही. तो ना यांचा होता, ना त्यांचा.

तेव्हा मला २००३ आठवलं.

२१ नोव्हेंबर २००३. रमजानचा शेवटचा जुमा, जुमअतुल विदा. मी सातवीत होतो आणि शहरातल्या दुसऱ्या एका मशिदीत होतो. मोहम्मदिया मशिदीत नमाजीच्या वेळी बॉम्ब फुटला. तीसहून जास्त नमाजी जखमी झाले. ईदला पाच दिवस होते, त्यामुळे घरोघरी कपडे शिवून आले होते. त्या वर्षी आमच्या गल्लीत कुणी नवे कपडे घातले नाहीत, हे मला अजून आठवतं. आईने माझा शर्ट तसाच पेटीत ठेवला आणि पुढच्या ईदपर्यंत तो आखूड झाला.

पुढच्या वर्षी, २७ ऑगस्ट २००४ ला, पुन्हा एका शुक्रवारी पूर्णा आणि जालन्यात तसेच स्फोट झाले. एप्रिल २००६ मध्ये नांदेडच्या एका घरात स्फोट होऊन दोन तरुण ठार झाले. ते घर संघाच्या कार्यकर्त्याचं होतं. तिथे बॉम्ब तयार होत होता असं एटीएसने सांगितलं आणि तपासात परभणी, पूर्णा, जालन्याचा धागा त्या घराशी जोडला. खटले उभे राहिले. परभणी, पूर्णा, जालना, तिन्हीकडचे आरोपी यथावकाश निर्दोष सुटले. ४ जानेवारी २०२५ ला नांदेडच्या न्यायालयाने तिथल्या हयात आरोपींनाही सोडलं. न्यायालयाने ज्यांना सोडलं ते कायद्याने निर्दोष आहेत. आपली मुलं सुटतात तेव्हा आपण हेच म्हणतो, तर इथेही तेच म्हणायला हवं. पण मग परभणीच्या मशिदीत बॉम्ब ठेवला कुणी? बावीस वर्षांनंतरही या शहराला त्याचं उत्तर मिळालेलं नाही.

आता ते वाक्य या घटनेला लावून बघा. ज्याने कुणी तो बॉम्ब ठेवला त्याला जुम्याची वेळ माहीत होती. रमजानच्या शेवटच्या शुक्रवारी मशीद काठोकाठ भरते हे माहीत होतं. ८ सप्टेंबर २००६ ला मालेगावात ज्यांनी कब्रस्तानाजवळ स्फोट केले त्यांना शब-ए-बरात माहीत होती. माणसं निवडली ती धर्म बघून, दिवस निवडला तो धर्माचा, जागा निवडली ती इबादतीची. एवढं सगळं धर्माने ठरत असताना, धर्माचा याच्याशी संबंध नाही असं आपण कसं म्हणतो? म्हणतो, कारण आपल्याला दुसरीकडून येणाऱ्या वाराची भीती असते. 'त्यांचा' धर्म मध्ये आणला तर 'आपला'ही आणावा लागेल.

तर आणू या.

जुलै-ऑगस्ट २०१६ मध्ये एटीएसने परभणीतून चार तरुणांना आयसिसशी संबंध असल्याच्या आरोपावरून अटक केली. बॉम्ब मिळाल्याचं सांगण्यात आलं. शहर दोन दिवस सुन्न होतं आणि मग नेहमीचं सुरू झालं. 'मुलांना गोवलंय.' गोवलं जातं, हे काही आपल्या मनाचं नाही. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत, जिथे मेलेली माणसं मुसलमान होती, तिथे नऊ मुस्लिम तरुणांनाच पकडलं होतं. त्यांची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. परभणीच्या चौघांपैकीही एकाला २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला. म्हणून शंका घेणं चूक नव्हतं. पण २०२२ मध्ये त्या चौघांतल्या दोघांनी कोर्टासमोर गुन्हा कबूल केला आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. अनेक वर्षं आत काढल्यावर लवकर सुटण्यासाठी माणूस काहीही कबूल करतो, असं मला एका वकील मित्राने सांगितलं. असेल. तरीही मला हे विचारायचंय, की ज्या दिवशी ती बातमी आली त्यानंतरच्या जुम्याला शहरातल्या एका तरी मिंबरवरून त्याबद्दल बोललं गेलं का? मी ज्या मशिदीत जातो तिथे नाही. तिथे त्या दिवशी बयान होतं जकातीवर.

आयसिसचं जाळं टाकणारे काय बोलतात ते आपल्याला माहीत आहे. खिलाफत, हिजरत, बैअत, जिहाद, शहादत. यातला एकही शब्द त्यांनी बनवलेला नाही. हे सगळे शब्द आपल्या घरातले आहेत, आपल्या मदरशातले आहेत. १९ वर्षांचा एक पोरगा हे शब्द घेऊन एखाद्या मौलानांकडे गेला तर त्याला उत्तर मिळतं, 'बेटा, ये इस्लाम नहीं है.' आणि फोनवरचा माणूस त्याला आयतचा नंबर देतो, हदीसचा हवाला देतो. मुलगा कुणाचं ऐकेल?

सूरह माइदाची ३२ वी आयत आपल्या प्रत्येक शांती परिषदेच्या बॅनरवर असते. एका निरपराधाचा खून म्हणजे सगळ्या माणुसकीचा खून, असा तिचा आशय सांगतो आपण. पण बॅनरवर ती अर्धीच असते. ती बनी इस्राईलला उद्देशून आहे आणि तिच्यात खून व फसादचा अपवाद आहे, हे आपण गाळतो. लगेच पुढची ३३ वी आयत जमिनीवर फसाद माजवणाऱ्यांच्या कठोर शिक्षेची आहे, हेही गाळतो. मुलाला एक दिवस फोनवर पूर्ण आयत दिसते. तिथे तो बिघडत नाही, तिथे त्याचा आपल्यावरचा विश्वास तुटतो. 'या लोकांनी माझ्यापासून लपवलं,' हे त्याला कळतं. त्या क्षणी फोनवरचा माणूस त्याचा उस्ताद होतो.

खरं तर लपवायचं कारणच नाही. फिकहच्या जुन्या उलेमांनी ३३ व्या आयतीत वाटमारी करणारे, रस्त्यावरच्या निःशस्त्र माणसाला दहशत बसवणारे बघितले. म्हणजे बाजारात बॉम्ब ठेवणारा त्या आयतीचा हत्यारबंद शिपाई नाही, त्या आयतीचा आरोपी आहे. ती शिक्षा द्यायचा हक्क राज्याचा आणि काझीचा, गल्लीतल्या चौघांचा नाही. आणि ३४ वी आयत पकडले जाण्याआधी तौबा करणाऱ्याला वाट मोकळी ठेवते. हे सगळं सांगायला दहा मिनिटं लागतात. पण त्यासाठी आधी मान्य करावं लागतं की हिंसा आपल्या शब्दांतून बोलू शकते.

इतिहासही तेच सांगतो. हजरत अलींचा खून इ.स. ६६१ मध्ये, रमजानमध्ये, कूफाच्या मशिदीत झाला. मारणारा काफिर नव्हता. तो खारिजी होता, पाच वेळा नमाज पढणाऱ्यांतला, कुरआन जाणणाऱ्यांतला, आणि फैसला फक्त अल्लाहचा असं म्हणणाऱ्यांतला. इस्लामच्या पहिल्या पन्नास वर्षांतली ही गोष्ट आहे. जो माणूस हे वाचून बसलाय तो 'दहशतवादाला धर्म नसतो' असं कोणत्या तोंडाने म्हणेल? दहशतवादाला धर्म असतो. तो चोरीचा असतो, पण असतो, आणि चोरी आपल्या घरातून झालेली असते. घरफोडी झाल्यावर मालकाने 'हे सामान माझं नव्हेच' असं पंचनाम्यात लिहून दिलं तर चोर खूश होतो.

उलेमांनी काहीच केलं नाही असं नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये देवबंदला दहशतवादाविरुद्ध मोठी परिषद झाली. २०१५ मध्ये हजाराहून जास्त उलेमांच्या सह्यांचा आयसिसविरोधी फतवा मुंबईहून संयुक्त राष्ट्रांकडे गेला. चांगलं झालं. पण तो न्यूयॉर्कला पोचला, परभणीच्या गल्लीत नाही पोचला.

आता शांततेकडे. धर्म शांतता कशी आणतो याची आपली कल्पना एका फोटोपुरती आहे. सण जवळ आले की शांतता समितीची बैठक लागते. तेच दहा-बारा लोक, तीच टोपी, तेच उपरणं, पाण्याच्या बाटल्या, चहा, मग हात उंचावून फोटो. मी दोनदा गेलोय. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पहिल्या वेळचं भाषण तसंच्या तसं ऐकलं, वक्ता मात्र बदललेला. आणि परभणीच्या ऐक्याचा दाखला म्हणून दर वेळी सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस. उरूस मलाही प्यारा आहे. फेब्रुवारीत तिथे सगळ्या जातीधर्मांची माणसं येतात, चादर चढवतात, पाळण्यात बसतात, हे खरंच आहे. पण २००३ च्या फेब्रुवारीतही उरूस भरला होता आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बॉम्ब फुटला. एका पाळण्यात बसल्याने माणसं एकमेकांच्या बाजूने कोर्टात उभी राहत नाहीत.

जिथे शांतता टिकली तिथे काय केलं होतं? भिवंडी बघा. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेलं गाव. १९८८ च्या सुमारास तिथे सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. पुढाऱ्यांच्या नाही. गल्लीतल्या साध्या माणसांच्या, दोन्ही समाजांच्या, आणि प्रमुख म्हणून कुणी बडा साहेब नाही तर बीटचा साधा पोलीस. तिथे भाईचाऱ्यावर भाषणं नव्हती. नळाचं भांडण, नवरा-बायकोचं भांडण, कुणाच्या पोराने कुणाच्या पोरीची छेड काढली, हे मिटवत होते. त्यामुळे कोण कोण आहे हे एकमेकांना माहीत झालं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, भिवंडी जळली नाही. पुढे जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून रान पेटलं, गोळीबारात दोन तरुण मेले आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. म्हणजे समित्या एकदा बांधून भिंतीवर टांगून ठेवता येत नाहीत. पण एवढं कळतं, की शांतता ही ओळखीची आणि बोलण्याची रोजची मजुरी आहे.

मजुरीत कधी आपणही एक पाऊल मागे घेतो. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली, तेव्हा राज्यात ठिकठिकाणी जुलूस दुसऱ्या दिवसावर नेले. कट्ट्यावर काही पोरं चिडली होती, 'हर बार हमीच कायकू?' प्रश्न रास्त आहे आणि एकतर्फी समजूतदारपणाचा मलाही कंटाळा येतो. पण हुदैबियाच्या तहात रसूलुल्लाहने स्वतःच्या नावापुढचा 'रसूल' हा शब्द खोडू दिला होता. जुलूसची तारीख त्याहून मोठी नाही.

मला मुद्द्याचं बोलायचंय ते मात्र यापुढे.

'शहादत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक सगळ्यांना माहीत आहे, जीव देणं. दुसरा जास्त जुना आणि जास्त घरातला आहे, गवाही. कुरआनमध्ये 'शहीद' हा शब्द बहुतेक ठिकाणी साक्षीदार याच अर्थाने येतो. आपला कलमाच मुळी शहादत आहे, 'मी गवाही देतो' असाच तो सुरू होतो. सूरह निसाची १३५ वी आयत सांगते की इन्साफसाठी गवाही द्या, मग ती स्वतःच्या, आईबापाच्या, नातेवाइकांच्या विरुद्ध का जाईना. सूरह माइदाची आठवी आयत सांगते की एखाद्या कौमच्या दुश्मनीपायी तुमच्या हातून बेइन्साफी होऊ नये. माइदाची ३२ वी बॅनरवर आहे, ही आठवी का नाही? कारण ती खर्चिक आहे. ३२ वी आपण दुसऱ्यांना ऐकवतो. आठवी आपल्याला ऐकावी लागते.

आयसिसवाल्यांनी शहादतचा एक अर्थ विकला. दुसरा आपण कुणाला दिलाच नाही.

आपल्या मराठवाड्यात तो अर्थ जगलेली माणसं आहेत. दर १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन येतो आणि कुणीतरी तुम्हाला 'रझाकार' म्हणतं. आपण मान खाली घालून निघून येतो, किंवा भांडतो. शोएबुल्लाह खान हे नाव सांगत नाही, कारण आपल्याला ते माहीत नसतं. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक. रझाकार जोरात होते, कासिम रझवीची भाषणं गाजत होती, तेव्हा हा मुसलमान संपादक मुसलमानांच्या नावाने चाललेल्या त्या जुलमाविरुद्ध उर्दूत लिहीत होता. रझाकार संघटना बरखास्त करा, अशी मागणी काही प्रतिष्ठित मुसलमानांनी केली, ती त्यांनी छापली. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री कचेरीतून घरी येताना त्यांना गाठून मारलं. लिहिणारा हात तोडला. शहादतचे दोन्ही अर्थ एका माणसात.

आणि दुसरी बाजू. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि त्यानंतर मराठवाड्यात मुसलमानांची कत्तल झाली. आपल्या आज्यांनी ती कुजबुजत सांगितली. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती पाठवली. एक पंडित, एक काझी. त्यांनी गावोगाव हिंडून अहवाल दिला. २७ ते ४० हजार माणसं मेली असावीत असा त्यांचा अंदाज होता, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड हे सर्वांत वाईट जिल्हे. त्यांनी रझाकारांचे जुलूमही लिहिले आणि त्यानंतरचे जुलूमही. सुंदरलाल हिंदू होते, गांधीवादी होते, आपल्याच सरकारने पाठवलेले होते. तरी त्यांनी आपल्याच बाजूविरुद्ध गवाही दिली. सरकारने ती कित्येक दशकं दाबून ठेवली, हा सरकारचा गुन्हा. पण ती लिहिली गेली होती म्हणून आज आपल्याकडे आहे. नुसती कुजबुज कोर्टात चालत नाही, इतिहासातही चालत नाही.

मला माहीत आहे, यावर तुम्ही काय म्हणाल. 'गवाही द्यायला गेलो तर पोलीस आपल्यालाच उचलतील.' मालेगाव मी स्वतःच वर सांगितलंय, त्यामुळे ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. त्या भीतीला माझ्याकडे एकच उत्तर आहे, शाहिद आझमी. गोवंडीचा पोरगा. १९९२-९३ च्या दंगली डोळ्यांनी बघितल्या, रागाने काश्मीरच्या ट्रेनिंग कॅम्पपर्यंत गेला, परत आला, १९९४ मध्ये पकडला गेला. सात वर्षं तुरुंगात. तिथेच शिकला, बाहेर येऊन वकील झाला, आणि ज्यांच्या बाजूने कुणी उभं राहत नव्हतं त्यांचे खटले लढला. लोकल स्फोटांचा, मालेगाव २००६ चा, मुंबई हल्ल्याचा. ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्याच्या ऑफिसात त्याला गोळ्या घातल्या. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. ज्यांचे खटले त्याने हाती घेतले होते त्यांतले कितीतरी पुढे सुटले. त्याच्या नावाचा अर्थच साक्षीदार. बदला घ्यायला निघालेला एक मुलगा कायद्याचं पुस्तक हातात घेऊन परत आला, याहून मोठं बयान मला माहीत नाही. आपल्याकडच्या किती मशिदींत त्याचं नाव घेतलं गेलं?

आणि लांब कशाला जायचं? १० डिसेंबर २०२४ ला परभणीच्या रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग पोलिसांची वस्त्यांमधली धरपकड. १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मेला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असं कारण होतं. सरकार म्हणत होतं मारहाण झाली नाही. त्याच्या आईने सरकारने देऊ केलेली १० लाखांची मदत नाकारली आणि ती कोर्टात गेली. ४ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं, ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. एका बाईने 'माझ्या मुलाला मारलंय' ही गवाही मागे घेतली नाही, एवढंच घडलं. तिने ना बस जाळली, ना बदल्याची भाषा केली. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये दिलेला धम्म कागदावर वाचायचा की असा, हे तुम्ही ठरवा.

त्या डिसेंबरात आमच्या कट्ट्यावर एक वाक्य ऐकलं, 'अपना मॅटर नहीं है.' रात्री-बेरात्री दारं ठोठावणारे बूट कसे वाजतात हे या शहरात सगळ्यांत जास्त आपल्याला माहीत आहे, आणि आपलं मॅटर नाही? जालिम असो की मजलूम, भावाला मदत करा, अशी हदीस आहे. मजलूमाला मदत समजली, जालिमाला कशी, असं सहाबांनी विचारलं तर उत्तर मिळालं, त्याचा हात धरून. मजलूम आपला नसेल तर आपण बघत नाही. जालिम आपला असेल तर हात धरत नाही.

हे सगळं मी कोणत्या हक्काने सांगतोय? कुठल्याच नाही. सहा-सात वर्षांपूर्वी एका बंदच्या दिवशी आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी असलेलं स्टेशनरीचं दुकान काही पोरांनी फोडलं. दुकानाच्या काकांकडून मी पहिलीपासून वह्या घेतल्या आहेत. बापाकडे पैसे नसायचे तेव्हा ते 'पुढच्या महिन्यात दे' म्हणायचे. काच फोडणाऱ्यांत माझ्या फुप्पीचा मुलगा होता. मी दहा हातांवर उभा होतो. पोलिसांनी विचारलं, मी म्हटलं, 'मी मागे होतो, मला काही दिसलं नाही.' मग दोन भलतीच पोरं उचलली गेली. त्यातला एक त्या दिवशी गावातच नव्हता. त्याच्या तारखा अजून चालू आहेत. दर वेळी मजुरी बुडवून तो कोर्टात जातो. माझ्या गप्प बसण्याने मी 'आपल्या' मुलाला वाचवलं असं मला तेव्हा वाटलं होतं. 'आपलाच' दुसरा त्यात अडकला.

काकांनी नवी काच बसवली. मला कधी काही विचारलं नाही. गेल्या आठवड्यात मी पोरीसाठी रंगपेटी घेतली, त्यांनी दहा रुपये कमी घेतले.

हा लेख लिहितोय हे फुप्पीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'तेरे कू क्या मिलेगा बेटा?' मी काही बोललो नाही. फुप्पीच्या मुलाला फोन केला, तो म्हणाला भेटून बोलू. अजून भेटला नाही. त्या पोराची पुढची तारीख या महिन्याच्या शेवटी आहे. त्याच्या वकिलाला मी माझा नंबर दिला आहे.